बिनफेडरचा मिक्सर आणि शिवकालीन नाटक: बेहरिंगर एक्सआर १८ नाटकवाल्याच्या कानाने

बेहरिंगरचा एक्सआर १८ हा मिक्सर बँडवाल्यांसाठी केलेला आहे, हे आधी मान्य केलं की पुढचा निम्मा त्रास वाचतो. बँडचा कार्यक्रम सुरू झाला की सगळे माइक दोन तास उघडे राहतात. नाटकात ते बहुतेक वेळ बंद असावे लागतात. जिजाऊंचा हळू आवाजातला प्रवेश चाललाय आणि पिटातल्या संबळाचा माइक उघडा राहिलाय, तर वादकाने पालटलेली मांडीसुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू जाते. त्यामुळे ऐतिहासिक नाटकात थेट वादन असेल, तर मिक्सरची खरी परीक्षा तो किती मोठा वाजतो यात नसते. दीडशे वेळा माइक उघडायचे आणि दीडशे वेळा मिटायचे, तेही प्रेक्षकाला कळू न देता, हे त्याला जमतं का? एक्सआर १८ला जमतं. पण आपोआप नाही, त्याला वळवून घ्यावं लागतं.

खोक्यात काय मिळतं ते थोडक्यात. १६ माइक-लाइन इनपुट, त्यांना मिडासचे प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग. १७-१८ ही स्टिरिओ लाइनची जोडी. मुख्य डावं-उजवं सोडून सहा ऑक्स आउटपुट, म्हणजे इतर स्पीकरांना वेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा. चार इफेक्ट, चार डीसीए (अनेक चॅनेल एकत्र चढवणारी-उतरवणारी पट्टी), चार म्यूट ग्रुप (एका बटणात बंद होणारे गट), ६४ स्नॅपशॉट (जपून ठेवलेल्या मांडण्या). युएसबीवरून १८ चॅनेल आत आणि १८ बाहेर. प्रत्येक माइक चॅनेलला गेट (हळू आवाज बंद करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि चार पट्ट्यांचा इक्यू (सूरपट्ट्या कमी-जास्त करणारा). मुख्य आउटपुटला आणि प्रत्येक ऑक्सला ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्यू. अंगावर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, एकही नाही. सगळं टॅबलेट किंवा लॅपटॉपवरून. याच कारणामुळे तो हातातल्या फेडरांच्या डिजिटल टेबलांपेक्षा स्वस्त पडतो आणि एका बॅगेत मावतो. एसटीच्या टपावर नेपथ्य आणि मांडीवर मिक्सर अशा दौऱ्यात हे बॅगेत मावणं फार मोलाचं.

मिक्सर कुठे ठेवायचा

सगळे इनपुट पुढच्या बाजूला आहेत, म्हणजे तो प्रेक्षागृहाच्या मागे न ठेवता वादकांशेजारी ठेवायला केलेला आहे. पिटात किंवा डाव्या विंगेत ठेवा. माइकच्या वायरी तीन ते सहा मीटरच्या पुरतात, जाडजूड मल्टिकोअर ओढायची गरज उरत नाही, आणि मागच्या टेबलापर्यंत एकच नेटवर्क केबल जाते. ही केबल १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. मांडणीचा अर्धा तास इथेच वाचतो.

इथेच पहिली ठेचही लागते. पार्श्वसंगीताचा लॅपटॉप युएसबीने मिक्सरला जोडायचा, तर युएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. मिक्सर विंगेत, लॅपटॉप मागच्या टेबलावर, हे गणित जमत नाही. मग दोनच धड मार्ग उरतात. एक, मागे लॅपटॉपला बॅलन्स्ड आउटपुट असलेलं छोटं साउंड कार्ड लावायचं आणि तिथून दोन बॅलन्स्ड वायरी सरळ १७-१८मध्ये आणायच्या. दोन, लॅपटॉप मिक्सरशेजारीच ठेवायचा आणि ‘गो’, म्हणजे पुढचा आवाज सोडायची आज्ञा, मागून नेटवर्कवरून द्यायचा. दुसऱ्या मार्गात वायरी कमी, पण विंगेत लॅपटॉपजवळ एक माणूस लागतोच. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून २५ मीटरची साधी वायर ओढायचा तिसरा मार्ग सगळ्यांना सुचतो. दिव्यांच्या डिमरची घरघर त्यातूनच येते.

वायफायबद्दल जरा सविस्तर, कारण या मिक्सरच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्म घेतात. आतला वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी वाटच तीन: १, ६ आणि ११. तालमीच्या हॉलमध्ये टॅबलेट छान चालतो. रंगीत तालमीलाही चालतो. प्रयोगाला आठशे माणसं आठशे फोन घेऊन बसतात, आणि तिसऱ्या घंटेनंतर फेडर अडकतो. गर्दीतले फोन ती वाट व्यापतातच, शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात मुरते. रिकाम्या नाट्यगृहात घेतलेली वायफायची चाचणी म्हणून काही सिद्ध करत नाही.

उपाय: आतल्या वायफायला हात लावू नका. मिक्सरवरचा तीन जागांचा खटका इथरनेटवर सरकवा. ५ गिगाहर्ट्झ असलेला वेगळा राउटर घ्या आणि त्यात मिक्सरला कायमचा पत्ता बांधून द्या. मागचा लॅपटॉप केबलने जोडा, तोच मुख्य. टॅबलेट फक्त साउंड चेकला नाट्यगृहात फिरण्यासाठी. राउटरचं नाव लपवा आणि पासवर्ड चहावाल्या मुलापासून निर्मात्यापर्यंत कुणालाही देऊ नका.

दिलासा एवढा, की संपर्क तुटला तरी आवाज तुटत नाही. शेवटची जी मांडणी असेल ती चालू राहते. धोका पुन्हा जोडताना असतो. एक्स एअर एडिट, म्हणजे मिक्सर चालवायचं संगणकावरचं अॅप, जोडताना विचारतं, की मिक्सरमधलं संगणकावर घ्यायचं का संगणकावरचं मिक्सरमध्ये घालायचं. घाईत दुसरं दाबलं, की कालच्या नाट्यगृहाची मांडणी आजच्या चालू प्रयोगावर येऊन बसते. नेहमी मिक्सरकडून संगणकाकडे. हे लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

वीज: मिक्सर, राउटर आणि लॅपटॉप एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर. अँप्लिफायर त्यावर नकोत. मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच फेजवर घ्या आणि तो फेज प्रकाशयोजनेच्या डिमरचा नसेल याची नाट्यगृहाच्या वायरमनकडून खात्री करून घ्या. घरघर आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे अजूनही भेटतात. ते करू नका. घामेजलेल्या हातात धातूचा माइक धरणारा शाहीर त्याच वायरीच्या टोकाला उभा असतो.

वाद्यं: कुणाला माइक हवा, कुणाला नको

शिवकालीन नाटकाचा सर्वसाधारण ताफा धरू: हलगी, संबळ, ढोलकी किंवा पखवाज, सनई, पेटी, शाहिराचा डफ, तुणतुणं, झांज, दोन झीलकरी, आणि प्रवेशापुरती तुतारी. (पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली, तिचं शिवकाळात काय काम, हा वाद दर नाटकाला होतो. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला पेटी खटकत नाही. दिसली तर मात्र खटकते. पडद्याआड ठेवा.)

१६ चॅनेल असे वाटता येतात. १ हलगी, २ संबळ, ३ आणि ४ ढोलकीची उजवी-डावी, ५ पेटी, ६ सनई, ७ डफ, ८ शाहीर, ९ झीलकरी, १० तुणतुणं, ११ ते १३ फूटमाइक (रंगमंचाच्या काठावरचे), १४ आणि १५ कॉर्डलेस, १६ मोकळा. १७-१८वर लॅपटॉप. मोकळा चॅनेल ही चैन नव्हे. प्रयोगात कॉर्डलेस बसला, तर विंगेतून वायरचा माइक देण्याची ती एकमेव जागा असते.

आता तपशील. हलगी आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात माइकशिवाय शेवटपर्यंत पोचते. तरी तिला माइक लावायचा, आणि तिचा थेट आवाज मुख्य स्पीकरमध्ये जवळजवळ सोडायचाच नाही. तिला फक्त रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमाऱ्याच्या इफेक्टमध्ये, पाठवायचं. कानाला हलगी पिटातूनच ऐकू येते, पण तिच्यामागे दरबार उभा राहतो किंवा दरी उघडते. यासाठी साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम ५७सारखा, ४० सेंटीमीटरवर, काठी पडते तिच्या तिरप्या बाजूला. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत येतानाची वाढ, १० ते १५ डीबी पुरतो. कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील माइक, लावाल तर प्रत्येक थाप फाटेल.

हलगीचं दुसरं दुखणं मिक्सरच्या आवाक्यात नाही. पावसाळी दमट हवेत चामडं ढिलं पडतं आणि हलगी बोलायची थांबते. नाट्यगृहात जाळ करता येत नाही. विंगेच्या मागे विजेची शेगडी ठेवून प्रवेशाआधी पान शेकून घेतात. नाहीतर फायबरच्या पानाची हलगी. फायबरचा आवाज कायम राहतो पण जरा पत्र्यासारखा लागतो. ३ ते ४ किलोहर्ट्झला ३ डीबी उतरवला की कानाला चालतो.

संबळाच्या दोन्ही अंगांच्या मधोमध, वरून २५ ते ३० सेंटीमीटरवर एक माइक. दोन लावले तर नाटकापुरता काही फायदा नाही, चॅनेल मात्र जातो.

ढोलकीला मात्र दोन लागतात, आणि इथे बहुतेक जण चुकतात. उजव्या तोंडावर थाप पडली की ते पान आत जातं आणि डावं पान बाहेर येतं. दोन माइक समोरासमोरून ऐकतात, म्हणून एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते. एकत्र केल्यावर ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. मग लोक इक्यूत ८० हर्ट्झ चढवत बसतात. ते सोडा. डाव्या चॅनेलचा फेज उलटा करणारं बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐका आणि ज्यात पोट भरतं ते ठेवा. पखवाजाचंही तेच, फक्त तिथे डाव्या पुडीवर कणीक असते आणि एसीत ती सुकते. सुकली की वजन कमी होतं आणि सूर चढतो. मध्यंतरात पाण्याचा हात लावणं हे पखवाजवाल्याच्या कामाच्या यादीत लेखी असावं.

सनईचा आवाज फक्त तोंडाच्या फुलातून येत नाही, बोटांच्या भोकांतूनही येतो. माइक फुलासमोर धरला तर नुसता कर्कश भाग मिळतो. वाद्याच्या मध्याकडे रोखून, ४० ते ५० सेंटीमीटरवर ठेवा. २.५ ते ३.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान ४ डीबी खाली, लो-कट (त्याखालचे सूर गाळणारा) २०० हर्ट्झला. सनईला गेट लावू नका. मिंडेची शेपूट कापली जाते. आणि सनई थंड हवेत उतरते, पेटी उतरत नाही. म्हणून एसी प्रयोगाच्या तासभर आधी सुरू करून मगच सूर जुळवायचा. लॅपटॉपवरून षड्ज-पंचम वाजवत असाल तर तो सनईच्या त्या संध्याकाळच्या सुराला मिळवून घ्या. रेकॉर्डिंग हलत नाही, माणसं हलतात.

पेटीला वरून ३० सेंटीमीटर, भात्यापासून लांबच्या बाजूने, लो-कट १२० हर्ट्झ. भात्याची खटखट आली तर पेटीचा तेलपाण्याचा प्रश्न आहे, मिक्सरचा नाही. तुणतुण्याचा जीव लहान: १० ते १५ सेंटीमीटरवर माइक आणि ३५ डीबीपर्यंत गेन. झांजेला माइक देऊ नका. ती सगळ्यांच्या माइकमध्ये आधीच शिरलेली असते. तुतारीला तर नकोच. वादकाला विंगेच्या तोंडाशी उभं करा आणि तिचं तोंड वर, फ्लायच्या, म्हणजे रंगमंचाच्या वरच्या पोकळीच्या, दिशेने ठेवा. थेट प्रेक्षकांवर रोखलेली तुतारी पहिल्या तीन रांगांचा पुढचा संवाद खाऊन टाकते.

शाहिराच्या माइकला कॉम्प्रेसर लागतोच. पोवाड्यात गद्याचं निवेदन आणि खड्या आवाजातला कडवा यांच्यात फरक फार असतो. रेशो ३:१, अटॅक १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज १५०च्या आसपास, आणि जास्तीत जास्त खड्या ओळीला ५-६ डीबी दाबला जाईल एवढाच थ्रेशोल्ड. याहून जास्त दाबलात तर पोवाड्याची चढण सपाट होते. झीलकऱ्यांना एकच माइक, दोघांच्या मध्ये. त्यांनी ‘जी जी’ला पुढे यायचं आणि मागे सरायचं हे त्यांच्या पायांनी करायचं असतं, तुमच्या फेडरने नव्हे.

गेनचा एक नियम: तालमीत आणि साउंड चेकला वादक हात राखून वाजवतो. प्रेक्षक समोर आले की जोर वाढतो. म्हणून सर्वांत जोरदार तुकडा वाजवून घ्या आणि तेव्हा मीटरची टोकं उणे १२च्या वर जाऊ देऊ नका. सरासरी उणे १८च्या आसपास राहील. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, नुसता चरचराट.

फूटमाइक आणि पायांचा धबधबा

ऐतिहासिक नाटकात लाकडी लेव्हल्स, त्यांवर पळणारे मावळे आणि खाली रंगमंचाच्या काठावर तीन फूटमाइक. पहिला लो-कट १४० ते १५० हर्ट्झला, दया न करता. दुसरं, माइकखाली सेंटीमीटरभर जाडीचा फोम. तिसरं, या मिक्सरमधला ऑटोमिक्स. तो इथे खरोखर कामाचा आहे. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डीबीने घटते. ऑटोमिक्स तिन्ही माइकचा एकूण गेन एका माइकइतका राखतो आणि ज्याच्यासमोर नट बोलतोय त्याला वाटा देतो. तीन फूटमाइक एका गटात टाका. वाद्यं त्यात घालू नका, नाहीतर हलगी वाजली की नटाचा आवाज बुडेल.

शिट्टी काढायला मुख्य आउटपुटचा ग्राफिक इक्यू वापरा. फूटमाइक हळूहळू चढवत जी पट्टी आधी कुई करेल ती ३ ते ६ डीबी खाली. अशा चार-पाच पट्ट्यांवर थांबा. दहा पट्ट्या कापायची वेळ आली तर स्पीकर चुकीच्या जागी आहेत. ते रंगमंचाच्या काठाच्या पुढे सरकवा.

स्नॅपशॉट

नाटकवाल्यांसाठी हा मिक्सरचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात अर्धवट भाग. प्रवेशागणिक एक स्नॅपशॉट करता येतो. पण स्नॅपशॉट बदलतो तो एका क्षणात, चार सेकंदांत हळूहळू उतरणं त्यात नाही. अंधार होतोय, पोवाड्याचा शेवटचा सूर विरतोय, आणि नेमका तेव्हा स्नॅपशॉट दाबला तर सूर विळ्याने कापल्यासारखा थांबतो. म्हणून आधी डीसीएने हाताने उतरवा, मग स्नॅपशॉट.

दुसरी गोष्ट स्कोपची. स्नॅपशॉटमध्ये काय काय बदलायचं ते निवडता येतं. नाटकासाठी त्यात फक्त म्यूट आणि इफेक्टकडचे सेंड (किती आवाज इफेक्टकडे जायचा ते) ठेवा. गेन, इक्यू, फॅन्टम पॉवर (काही माइकना मिक्सरकडून मिळणारी वीज) बाहेर. आज संध्याकाळी ठाण्याच्या नाट्यगृहात फूटमाइकचा इक्यू घाम गाळून बसवला असेल, तर तिसऱ्या प्रवेशाच्या स्नॅपशॉटने पुण्याचा इक्यू परत आणता कामा नये. फॅन्टम स्कोपमध्ये राहिला तर आणखी वाईट: चालू प्रयोगात ४८ व्होल्ट बंद-चालू झाले की स्पीकरमधून तोफेसारखा धमाका येतो, आणि तोफ पुढच्या अंकात आहे.

तिसरी, इफेक्टचा प्रकार प्रवेशागणिक बदलू नका. घुमारा विरत असताना प्रकार बदलला की तो तुटतो. चारही इफेक्ट सुरुवातीला ठरवून कायम ठेवा आणि फक्त सेंड बदला. एक दरबाराचा हॉल, १.६ ते २ सेकंद. दुसरा गायकासाठी प्लेट, १.२ सेकंद. तिसरा भुयार किंवा गाभारा: ०.८ सेकंद, दाट, वरचा भाग ४ किलोहर्ट्झपासून कापलेला. चौथा दरीचा पडसाद. यात रिव्हर्ब नको, एकच डिले हवा. समोरचा कडा ५० मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन परत यायला १०० मीटर जावं लागतं, म्हणजे साधारण २९० मिलिसेकंद. ‘हर हर महादेव’ला एवढाच एक परतावा द्या, ८ डीबी खालचा. उघड्या गडावर दोन सेकंदांचा हॉल लावला, की सह्याद्रीचा मंगल कार्यालय होतो.

म्यूट ग्रुप चारच आहेत, म्हणून विचार करून वाटा: तालवाद्यं, सनई-पेटी, गायन, आणि चौथा लॅपटॉप सोडून सगळं. हा चौथा मध्यंतरासाठी. पडदा पडल्यावर वादक काय बोलतात ते प्रेक्षकांनी ऐकू नये.

लॅपटॉपवरचे आवाज

मॅकवर क्यूलॅब, म्हणजे नाटकाचे आवाज क्रमाने सोडणारं सॉफ्टवेअर, लावलं तर मोफत आवृत्तीत दोनच आउटपुट चॅनेल मिळतात. साध्या डाव्या-उजव्यासाठी पुरेसे. घोडदळ प्रेक्षकांच्या मागून येऊन पुढे जायचं असेल, तर चार चॅनेल हवेत आणि परवाना विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. मिक्सरच्या बाजूने त्याची किंमत अशी: युएसबीचा आवाज १७-१८ सोडून दुसऱ्या कुठल्या चॅनेलवर घेतला, की तिथला माइक जातो. म्हणजे मागच्या स्पीकरांसाठी आणखी दोन चॅनेल द्यावे लागतील, बहुधा एक कॉर्डलेस आणि तो मोकळा १६. मोकळा द्यायला हात जड होतो. तुणतुणं शाहिराच्या माइकवर घेऊन १० नंबर सोडवणं बरं.

सहा ऑक्स आउटपुट इथे उदार वाटतात. वादकांचा मॉनिटर, रंगमंचावरचा मॉनिटर, मागचे दोन स्पीकर, रंगपटातला स्पीकर, आणि सहावं सबवूफरला, म्हणजे तोफेचा आणि नगाऱ्याचा तळ तेवढा स्वतंत्र देता येतो. वादकांच्या मॉनिटरमध्ये त्यांचं स्वतःचं वादन कमी आणि फूटमाइक जास्त द्या. त्यांना संवादाचा शेवटचा शब्द ऐकू आला तरच पुढची थाप जागेवर पडते.

सगळ्या फाइल ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह ठेवा आणि मिक्सरही ४८वर. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर लागतो. मॅकला काही लागत नाही. संगणकाचा नेहमीचा आवाज मिक्सरवर जाणार नाही हे तपासा. अफजलखान शामियान्यात येतोय आणि व्हॉट्सअॅपची टिकटिक वाजली, तर दोष मिक्सरवर ढकलता येणार नाही.

आवाजांच्या निवडीबद्दल एक बोट: तलवार म्यानातून निघताना तो प्रसिद्ध ‘शिंऽऽग’ येत नाही. म्यान लाकडाचं, वर चामडं किंवा कापड. निघताना घासल्याचा हलका आवाज येतो. तयार लायब्ररीतली तलवार टाकली की ऐकणाऱ्याला परदेशी सिनेमा आठवतो. टापाही दगडी फरसबंदीवरच्या आणि मातीवरच्या वेगळ्या हव्यात. नारळाच्या करवंट्या आणि वाळूची परात घेऊन विंगेत थेट वाजवल्या, तर नटाच्या चालीशी जमवून घेता येतात आणि एक फाइल कमी होते.

कॉर्डलेस माइकबद्दल इतकंच, की दाढी-मिशीमुळे गालावरचा माइक चालत नाही. कपाळावर, मंदिलाच्या किंवा जिरेटोपाच्या काठाशी लावतात. कापडाखाली गेला तर वरचे सूर मरतात, म्हणून ५ किलोहर्ट्झला ३ डीबी चढवावे लागतात. ट्रान्समीटर कमरेला मागे, कापडी पिशवीत, तलवारीच्या विरुद्ध बाजूला. खऱ्या धातूच्या कड्यांचं चिलखत अँटेनावर आलं की सिग्नल तुटतो. नाटकापुरतं लोकरीचं, चंदेरी रंगवलेलं चिलखत दिसायलाही तेच दिसतं.

दुसरं काय घेता येईल

साउंडक्राफ्टचा यूआय२४आर याच जातीचा. माइक इनपुट जास्त, वायफाय दोन्ही पट्ट्यांवर, आणि अॅपऐवजी ब्राउझरमधून चालतो. मोठा ताफा असेल तर तो बघा. अॅलन अँड हीथच्या सीक्यू-१८टीला अंगावर सात इंची पडदा आहे. नेटवर्क गेलं तरी हात लावायला काहीतरी उरतं, आणि नाटकात ही गोष्ट लहान नाही. बेहरिंगरचाच एक्स ३२ नाटकाच्या दृष्टीने जास्त पुरा आहे, प्रत्यक्ष फेडर आहेत आणि प्रवेशांची क्यू-यादी नीट आहे. पण तो उचलायला दोन माणसं लागतात आणि टेबलासाठी दोन खुर्च्या अडतात. प्रायोगिक संस्थेच्या तिकीटविक्रीत त्या दोन खुर्च्याही मोजल्या जातात.

एक्सआर १८ला फेडर हवेच असतील, तर एक्स-टच हा नऊ मोटरच्या फेडरांचा कंट्रोलर नेटवर्क केबलने जोडता येतो. ज्याने आयुष्यभर बोटांनी टेबल चालवलंय, त्याने काचेवर नाटक करू नये. ऐन पोवाड्यात नजर रंगमंचावर हवी, टॅबलेटवर नव्हे. त्याला एक्स-टच घेऊन द्या.

कुणी घेऊ नये? ज्यांच्या नाटकात थेट वादन नाही, सगळं लॅपटॉपवरून आणि तीन फूटमाइक, त्यांना आठ चॅनेलचा साधा अॅनालॉग मिक्सर बस्स झाला. आणि ज्यांच्याकडे प्रत्येक प्रयोगाला नवा साउंडवाला येतो, त्यांनीही घेऊ नये. या मिक्सरची सगळी अक्कल त्या ६४ स्नॅपशॉटच्या आत असते, आणि ते कुणी, कुठल्या स्कोपने भरले हे माहीत असलेला माणूस मागे बसलेला लागतो. घेतलाच, तर पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच पूर्ण मांडणीची फाइल लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि पेनड्राइव्ह मिक्सरच्या बॅगेत न ठेवता राउटरच्या डब्यात ठेवा. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग मिक्सर.